कुंडीतला गझानिया : घरबसल्या जोडधंदा

मीरा-भाईंदरमध्ये घरी फुलझाडे लावून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या भगिनी बहुधा झेंडू-शेवंतीकडे वळतात. गझानियाही जरूर करून पाहावा, पण हार-गुच्छासाठी नव्हे. मूळ दक्षिण आफ्रिकेचे हे फूल उन्हात उमलते, सायंकाळी व ढगाळ हवेत मिटते. दादरच्या फूलबाजारात त्याला कोण विचारणार? विकायची ती फुललेली कुंडी, आणि तीही ऊन चढल्यावर. संध्याकाळी आलेले गिऱ्हाईक मिटलेले फूल पाहून झाड सुकले असे समजते.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात बी पेरावे. त्यावर अर्धा सेंटिमीटर माती हवी. उगवताना त्याला अंधार लागतो. एक-दोन आठवड्यांत रोप दिसते. चार-पाच पाने आली की आठ इंची कुंडीत हलवावे. साधारण तीन महिन्यांत फुले येतात.

खाडी-मिठागरांजवळची माती खारट व चिकट, ती वापरू नये. दोन भाग लाल माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत पुरे. खत जास्त झाले तर नुसती पाने माजतात. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. उत्तनकडचा खारा वारा हे झाड सोसते, साचलेले पाणी नाही. म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात ते बुडाशी कुजते. दरवर्षी नवे बी घेणेच परवडते. संकरित झाडाचे घरचे बी तसाच रंग देईल असे नाही.

ज्यांच्या गॅलरीत रोज पाच-सहा तास ऊन येत नाही, त्यांनी यात पैसा घालू नये.