सेकंड शिफ्टला असताना सातच्या बातम्या

चाकणला सेकंड शिफ्ट लागली की सह्याद्रीच्या सातच्या बातम्या हुकतात. घरात पडून असलेला जुना कॉम्प्युटर त्या रेकॉर्ड करून ठेवू शकतो. एकदा सेटिंग झालं की त्याला ना मॉनिटर लागतो, ना माउस.

त्यात बसवायचं टीव्ही ट्यूनर कार्ड मात्र डीव्हीबी-एस२चंच घ्या. स्वस्तात मिळणारी जुनी ॲनालॉग कार्डं डिशला चालत नाहीत. डीडी फ्री डिश येते जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंश पूर्वेहून. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या गच्चीवरून डिशचं तोंड आग्नेयेला आणि नेम साधारण ५९ अंश वर. नेहमीची ऑफसेट डिश दिसायला त्याहून बरीच उभी असते, त्यावरून गोंधळू नका. पाण्याची टाकी आड येत नाही ना, तेवढं बघा.

लिनक्स चालू झालं की मोबाइलवरून एसएसएचने आत जा. ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर सापडत नसल्याची ओळ दिसली, तर ती फाइल आधी आणून ठेवा. मग ‘डीव्हीबी-टूल्स’ हे पॅकेज टाका आणि आपल्या युजरला ‘व्हिडिओ’ ग्रुपमध्ये घ्या.

आता ‘डीव्हीबीव्ही५-स्कॅन’. त्याला एका ट्रान्सपाँडरची फ्रीक्वेन्सी, पोलरायझेशन आणि सिम्बॉल रेट लिहिलेली छोटी फाइल द्यायची. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. याद्यांमध्ये फ्रीक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये असते, फाइलला किलोहर्ट्झ हवे असतात. म्हणून फ्रीक्वेन्सीपुढे तीन शून्यं द्या आणि सिम्बॉल रेटपुढेही तीन. ती राहिली तर डिश कितीही हलवा, ‘लॉक’ हा शब्द काही दिसायचा नाही. एलएनबीचा प्रकार डॅश एलने ‘युनिव्हर्सल’ सांगा.

चॅनेलची यादी तयार झाली की रेकॉर्डिंगला ‘डीव्हीबीव्ही५-झॅप’: डॅश सीने यादीची फाइल, डॅश ओने रेकॉर्डिंगची फाइल, डॅश टीने सेकंद, म्हणजे ३५ मिनिटांना २१००, आणि पॅट-पीएमटीसाठी छोटा डॅश पी. चॅनेलचं नाव यादीत जसं आहे तसंच, अवतरणचिन्हांत, कारण मध्ये जागा असते. ही ओळ एका स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि क्रॉनला ती १८ वाजून ५८ मिनिटांनी चालवायला सांगा. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. हाताने चाललेली कमांड क्रॉनमध्ये रुसते ती बहुधा यामुळेच.

गुरुवारी लाइट जाते, तेव्हा वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल अशी बायोसमध्ये सेटिंग करून ठेवा. सेकंदाला ३ मेगाबिट धरले तर अर्ध्या तासाला सुमारे ६७५ मेगाबाइट जागा जाते. आठवड्यापेक्षा जुन्या फाइली त्याच स्क्रिप्टमधून पुसत चला.