यरीहोच्या वाटेवरची रुग्णवाहिका



दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला (लूक १०:२५-३७) आपल्या परिचयाचा आहे. दर तीन वर्षांनी सामान्य काळातील पंधराव्या रविवारी तो आपण मिस्सामध्ये ऐकतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मुलेही तो न अडखळता सांगतात. याजक आला, पाहून निघून गेला. लेवी आला, तोही निघून गेला. शोमरोनी माणूस मात्र थांबला. आपले मनन बहुधा इथेच संपते. आज आपण त्याच्या पुढचा भाग पाहू या.

शोमरोनी माणसाने जखमीला उतारशाळेत आणले, रात्रभर त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दिनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडण्याचे वचन दिले. म्हणजेच त्याने एक करार केला. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांचे तोंड पाहत नसत. उपासना येरुशलेमात करावी की गरिजीम डोंगरावर, हा त्यांचा वाद शेकडो वर्षांचा होता. तो वाद त्या रात्री मिटला नाही. पण वाद न मिटताही जखमी माणसाची सोय झाली.

आजची वाट

येरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. या दोन शहरांमधली ती वाट आजही वाहती आहे. १९६७ च्या युद्धापासून हा प्रदेश इस्रायलच्या ताब्यात आहे. पॅलेस्टिनी लोक तो आपला मानतात. संयुक्त राष्ट्रसंघ आणि बहुतेक देश त्याला व्याप्त प्रदेश म्हणतात. इस्रायल सरकार त्याला वादग्रस्त प्रदेश म्हणते.

इथे रुग्णांसाठी दोन सेवा धावतात. इस्रायलची 'मागेन दाविद अदोम' ही संस्था १९३० साली सुरू झाली, तर 'पॅलेस्टाईन रेड क्रिसेंट' १९६८ साली. विशेष म्हणजे दोघांचाही तातडीचा दूरध्वनी क्रमांक एकच आहे, १०१.

आता कल्पना करा, यरीहोतील एखाद्या कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार हवेत. त्यासाठीचे रुग्णालय पूर्व येरुशलेमात, जैतुनाच्या डोंगरावर आहे. लुथरन बांधवांचे हे 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' रुग्णालय. त्याच शहरात आपल्या कॅथलिक धर्मभगिनींचे सेंट जोसेफ रुग्णालयही आहे. पण पॅलेस्टिनी क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला बहुतेक वेळा तपासणी नाक्यापुढे जाऊ देत नाहीत. मग नाक्यावर दोन रुग्णवाहिका पाठीला पाठ लावून उभ्या राहतात आणि रुग्णाला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवले जाते. उन्हात, पावसात, कधी सलाईनची बाटली हातात धरून. प्रत्येक वेळी मिनिटे जातात, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला मिनिटे परवडत नाहीत.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. मार्च २००२ मध्ये रामल्लाजवळ एका रुग्णवाहिकेत स्फोटकांचा पट्टा सापडल्याचे इस्रायली लष्कराने जाहीर केले. ते दिवस आत्मघाती स्फोटांचे होते. एका बाजूला भय आहे, दुसऱ्या बाजूला अपमान आणि उशीर. यातले एक गाऱ्हाणे खोटे ठरवून दुसऱ्याला शांत करता येत नाही.

जिनिव्हाचा करार

अनेक वर्षे या दोन्ही संस्था रेड क्रॉसच्या जागतिक परिवाराबाहेर होत्या. इस्रायली संस्थेचे चिन्ह दाविदाची लाल ढाल. १९४९ च्या परिषदेत त्या चिन्हाला मान्यता मिळाली नव्हती. पॅलेस्टिनी संस्थेची अडचण वेगळी होती. तिच्या मागे सार्वभौम राष्ट्र नव्हते. शेवटी स्वित्झर्लंडच्या मध्यस्थीने २८ नोव्हेंबर २००५ रोजी दोन्ही संस्थांच्या प्रमुखांनी जिनिव्हा येथे करारावर सह्या केल्या.

करारात काय होते? पॅलेस्टिनी प्रदेशात रेड क्रिसेंट हीच अधिकृत संस्था, हे इस्रायली संस्थेने मान्य केले. इस्रायलच्या आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त सीमेबाहेर आपल्या शाखा ठेवणार नाही, असेही तिने कबूल केले. एकमेकांच्या क्षेत्रात काम करायचे तर दुसऱ्याची संमती घ्यायची, हा रेड क्रॉस परिवाराचा १९२१ सालचा नियम दोघांनी स्वीकारला. नाक्यांवरचा उशीर कमी करण्यासाठी व येरुशलेमात रेड क्रिसेंटच्या रुग्णवाहिकांना वाट मिळावी यासाठी एकत्र प्रयत्न करण्याचे ठरले. पुढे ८ डिसेंबर २००५ रोजी, ९८ विरुद्ध २७ अशा मतांनी, 'लाल स्फटिक' हे नवे चिन्ह संमत झाले. त्याला कोणत्याही धर्माचा किंवा राष्ट्राचा रंग नाही. जून २००६ मध्ये दोन्ही संस्थांना एकाच वेळी जागतिक परिवारात प्रवेश मिळाला.

या करारात जे नाही तेही महत्त्वाचे आहे. येरुशलेम कोणाचे, याचे उत्तर त्यात नाही. रुग्णवाहिका चालवणाऱ्यांना त्या प्रश्नाचा निकाल देण्याचा अधिकारही नव्हता. आपल्या हातात काय आहे, एवढेच त्यांनी ठरवले.

संत थॉमस अक्वायनस यांनी शांतीविषयी लिहिताना हाच भेद केला आहे. मित्रांची सर्व मते जुळलीच पाहिजेत, असे ते म्हणत नाहीत. जीवनाला आवश्यक अशा मोठ्या हिताविषयी त्यांचे मन एक असावे, एवढे पुरे. मतभेद आणि शांती एका घरात राहू शकतात. मात्र त्यासाठी विवेक लागतो, आणि विवेक म्हणजे नुसते चांगले मन नव्हे. योग्य गोष्ट, योग्य वेळी, योग्य रीतीने घडवून आणणारी ती बुद्धी आहे. याजक आणि लेवी मनाने दुष्ट होते, असे प्रभू येशूने कुठेही म्हटलेले नाही. त्यांनी काही केले नाही, एवढेच सांगितले आहे.

कागदावर आणि रस्त्यावर

सही झाली म्हणजे काम झाले, असे नाही. कराराच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी २००७ मध्ये फिनलंडचे माजी मंत्री पेर स्टेनबेक यांची नेमणूक झाली. काही कलमे पाळली गेली, काही अर्धवट राहिली. विशेषतः सीमेबाहेरच्या कामाचे कलम पुरे पाळावे, असे रेड क्रॉस परिवाराला पुढे पुन्हा पुन्हा सांगावे लागले. पाठीला पाठ लावून रुग्ण हलवणेही थांबले नाही.

त्यानंतर याहून काळे दिवस आले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात मारल्या गेलेल्यांमध्ये मागेन दाविद अदोमचे सेवकही होते. पुढच्या गाझा युद्धात, २९ जानेवारी २०२४ रोजी, मोटारीत अडकलेल्या एका लहान मुलीला वाचवण्यासाठी रेड क्रिसेंटची रुग्णवाहिका निघाली. आधी समन्वय साधून, परवानगी मिळाल्यावरच ती निघाली होती, असे रेड क्रिसेंटने सांगितले. १२ दिवसांनी ती मुलगी आणि दोन्ही सेवक मृतावस्थेत सापडले. २३ मार्च २०२५ रोजी राफा येथे इस्रायली सैन्याच्या गोळीबारात १५ मदतकर्ते ठार झाले. त्यात रेड क्रिसेंटचे ८ जण होते.

मग करार करून उपयोग काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण करार नसता तर ही कृत्ये 'युद्धात असे होतच असते' म्हणून खपून गेली असती. ठरलेले मोडले, असे जग म्हणू शकते, कारण काहीतरी ठरलेले होते. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे १७ वे कलम सांगते की, वेढलेल्या भागातून जखमी, आजारी, वृद्ध, मुले व बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी लढणाऱ्या पक्षांनी स्थानिक करार करण्याचा प्रयत्न करावा. वैद्यकीय सेवकांबरोबर सर्व धर्मांच्या धर्मगुरूंनाही तिथे जाण्यासाठी वाट मिळावी, असेही त्यात आहे. मरणाऱ्याला औषध हवे तसे अखेरचे अभ्यंगही हवे, याची जाणीव त्या कलमात आहे.

आपल्यासाठी बोध

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्राचा संपूर्ण दुसरा अध्याय या दाखल्यावर लिहिला. शेजारी कोण याची यादी करण्यापेक्षा आपण शेजारी व्हावे, हा त्याचा गाभा आहे. त्याला आपण एवढेच जोडू या की, शेजारी होण्यासाठी कधीकधी ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशीही बोलावे लागते.

आपल्याकडे नाके नाहीत, पण बांध आहेत. वाटणीचे दावे आहेत, वहिवाटीचे वाद आहेत, गल्लीच्या तोंडाशी हट्टाने उभी केलेली वाहने आहेत. दावा न्यायालयात चालायचा तर चालू द्या. हक्क सोडा, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. पण रात्री दोन वाजता त्या घरातील म्हाताऱ्या आईला रुग्णालयात न्यावे लागले, तर गाडी दारापर्यंत जाईल ना? एवढ्यापुरते दोन्ही घरांनी आजच बोलून ठेवावे. पाहिजे तर मध्ये धर्मगुरूला बसवावे, पाहिजे तर कागदावर लिहावे. तो कागद न्यायालयात कोणाचाही हक्क कमी करणार नाही, असेही त्यातच नमूद करावे.

मननासाठी प्रश्न

१. माझा कोणाशी असा वाद आहे का, ज्याची झळ वादाशी संबंध नसलेल्या आजारी किंवा वृद्ध माणसाला लागते?
२. तो वाद न मिटवताही आज कोणती एक वाट मोकळी करता येईल?
३. आपल्या वाडीत बोलणी घडवून आणणारा 'मध्यस्थ' कोण होऊ शकेल? तो मीच का नसावा?

प्रार्थना

हे प्रभो, तुझ्या जन्मभूमीतील सर्व जखमींना आणि त्यांच्यासाठी धावणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सेवकांना सांभाळ. आम्हांला थांबण्याची दया दे आणि परक्याशी बोलण्याचे धैर्य दे. आमेन.

- तुमचा धर्मगुरू