वस्तीवरचे कुत्रे पाहुण्यांवर का भुंकते?

मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या शेतकऱ्याकडे गुराढोरांबरोबर एखादे कुत्रे असतेच. रात्री रानडुक्कर किंवा भुरटा चोर आला की ते भुंकते, म्हणून आपण त्याला भाकर घालतो. परंतु हेच कुत्रे पोस्टमन, वायरमन, अगर लेकीच्या सासरच्या माणसांवर धावून गेले की घरधनी काठी उचलतो. काठीने हे भुंकणे कमी न होता वाढतेच.

घर, अंगण, गोठा ही कुत्र्याच्या लेखी त्याची हद्द असते. हद्दीत अनोळखी वास आला की ते घरच्यांना सावध करते. कान उभे, शेपटी ताठ आणि अंग पुढे झुकलेले, ही राखणीची लक्षणे होत. शेपटी पायांत घालून, मागे सरकत भुंकणारे कुत्रे मात्र भ्यालेले असते. कोंडीत सापडल्यास तेही चावते.

पोस्टमन येतो, कुत्रे भुंकते, पत्र देऊन पोस्टमन निघून जातो. 'मी भुंकलो म्हणून तो गेला' असे कुत्रे शिकते व पुढच्या वेळी अधिक जोराने भुंकते. पाहुणा आला की पाठीत काठी बसते, असा अनुभव आल्यास पाहुण्याविषयीचा रागही वाढतो. सतत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळून जाण्याचीही सोय नसते. (पाहुण्यासमोर गंमत म्हणून 'छू' करणारे महाभागही आहेत. त्यांच्या कुत्र्याला काय दोष द्यावा?)

पिल्लू 3 ते 12 आठवड्यांचे असताना त्याला निरनिराळी माणसे, लहान मुले, मोटारसायकल यांची सवय करावी. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत पाहुण्याने दूर थांबावे, पळू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. घरच्याने पुढे व्हावे आणि कुत्रे शांत होताच भाकरीचा तुकडा टाकावा. एक-दोन दिवसांत गुण येत नाही. काही आठवडे चिकाटी ठेवावी.

पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात. कुत्र्याचा आवाज अचानक घोगरा झाला, लाळ गळू लागली, जबडा लोंबू लागला, तर जवळ न जाता पशुवैद्यकास कळवावे. कुत्रे चावल्यास हळद, चुना, तिखट काहीही न लावता जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कुत्रे घरचे आहे म्हणून थांबू नये.