बीएस्सीचं पहिलं वर्ष आणि स्वतःचं रीडिंग

जुलैत कॉलेजं सुरू झाली की नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या एस.टी. स्टँडवर सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच चार-पाच पोरं ड्रायव्हरच्या केबिनकडे धावतात. गावाकडून आईनं पहाटे भरून दिलेला डबा त्या गाडीतून आलेला असतो. पिशवीवर मार्करनं नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेला. पोरं डबा घेतात, कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवतात आणि कॉलेजच्या दिशेनं चालू लागतात.

त्यातली बरीच एफवायबीएस्सीची असतात. त्यांच्या घरी जाऊन विचारा, मुलगा काय करतो? उत्तर ठरलेलं आहे. “नीटला नंबर नाही लागला हो, म्हणून बीएस्सीला टाकलंय.”

याच जिल्ह्यात मी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, आणि ‘टाकलंय’ हा शब्द मला दर जुलैत ऐकावा लागला. पालक तो सहज बोलून जातात. मूल मात्र तो उचलतं आणि पहिल्या दिवशी वर्गात येतं ते हरलेल्या माणसासारखं, मागच्या बाकावर, खाली मान घालून. पहिल्या वर्षातली निम्मी अडचण अभ्यासाची नसते, या शब्दाची असते. म्हणून पालकांना पहिली विनंती हीच, की तो शब्द घरातून काढून टाका.

आता अभ्यासाकडे येऊ. अकरावी-बारावीची दोन वर्षं या मुलांनी बहुतेक क्लासमध्ये काढलेली असतात. चार पर्यायांतून एक निवडायचा, मिनिटाला एक प्रश्न सोडवायचा, एवढीच सवय. पुष्कळ ठिकाणी बारावीची प्रॅक्टिकलं कागदावरच उरकलेली असतात. त्यामुळे विज्ञान शाखेची दोन वर्षं पूर्ण करून आलेल्या मुलानं ब्युरेट पहिल्यांदा हातात धरली ती एफवायला, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्यात मुलांचा दोष नाही. पण ही उणीव भरून काढायला वेळ याच वर्षी मिळतो, पुढे मिळत नाही.

एका दुपारचा प्रसंग सांगतो. साधं टायट्रेशन होतं. कोनिकल फ्लास्कमध्ये पिपेटनं मोजून घेतलेलं १० मिली ॲसिड, त्यात फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब, वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड. उत्तर १० मिलीच्या आसपास येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्ध्या तासात बॅचमधल्या बहुतेकांच्या वहीत १०.०, १०.०, १०.० अशी तीन रीडिंग लिहून झाली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर अकोले तालुक्यातल्या वाडीवरून आलेली एक मुलगी डोळे पुसत उभी होती. तिची रीडिंग होती ९.७, १०.६ आणि ९.८. “सर, माझंच चुकतंय,” ती म्हणाली.

मी तिला फ्लास्क दाखवायला सांगितलं. दुसऱ्या रीडिंगचा फ्लास्क तिनं ओतला नव्हता. त्यातला रंग गडद गुलाबी होता, म्हणजे थेंब जास्त पडले होते. शेवटाला रंग अगदी फिका गुलाबी यायला हवा, फ्लास्क हलवल्यावरही टिकेल इतपतच. मग ब्युरेटच्या टोकाशी पाहिलं, तर तिथं हवेचा एक बुडबुडा अडकलेला. तो काढला, ब्युरेट पुन्हा शून्यापर्यंत भरली. डोळा द्रावणाच्या खालच्या वक्र रेषेच्या पातळीत आणायचा, हे तिला माहीत होतं पण केलेलं नव्हतं. पुढच्या तासाभरात तिनं पाच रीडिंग घेतली. शेवटची तीन ९.८ आली. ॲसिड मुळातच जरा सौम्य झालं होतं. त्या दिवशी अख्ख्या बॅचमध्ये खरं उत्तर एकटीकडं होतं.

प्रथम वर्षात शिकायचं ते हे. आपलं रीडिंग आपण घ्यायचं, शेजाऱ्याच्या वहीत वेगळं असलं तरी ते पुसायचं नाही, आणि ते तसं का आलं हे शोधत बसायचं. परीक्षेच्या गुणांत हे लगेच दिसत नाही. मात्र तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टला, पुढे एमएस्सीला आणि कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये सगळा डोलारा याच सवयीवर उभा राहतो.

“बीएस्सी करून पुढं काय?” हा प्रश्न विचारणाऱ्या वडिलांना मी उलट विचारतो, तुमच्या दुधाचा दर कशावर ठरतो? ते चटकन सांगतात, फॅट आणि एसएनएफवर. ३.५ आणि ८.५ हे आकडे इथल्या प्रत्येक गोठ्यात पाठ आहेत. फॅट एका पॉइंटनं कमी लागला तर किती पैसे कापले जातात, तेही पाठ. उसाचं काय? एफआरपी बांधलेली आहे उताऱ्याला. तो उतारा कोण काढतं? कारखान्याच्या लॅबमध्ये पाळीवर बसलेला केमिस्ट. रसाचा ब्रिक्स आणि पोल तोच मोजतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हापासून हा जिल्हा अशा मोजमापांवर जगतो आहे. डिस्टिलऱ्या आणि इथेनॉलचे प्रकल्प आहेत, दूध संघांचे प्लँट आहेत, नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसी आहेत, माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळा आहेत. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. ज्या घराचं उत्पन्न रोज सकाळी एका रीडिंगवर ठरतं, त्या घरानं रीडिंग घ्यायला शिकणाऱ्या मुलाला वाया गेलेलं समजावं, हे मला कधी पटलं नाही.

भाषेचा विषय थोडा सविस्तर बोलतो, कारण मुलं याबद्दल घरी सांगत नाहीत. अकरावीपासून पुस्तकं इंग्रजीत असतात खरी, पण समजावून सांगणं मराठीत चालतं आणि काम भागतं. एफवायला जाडजूड संदर्भग्रंथ समोर येतो. फिजिक्सचं हॅलिडे-रेसनिक उघडलं की एका पानाला पाऊण तास लागतो. मूल घाबरतं, पुस्तक ग्रंथालयात परत करतं आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सवर येतं. तसं करू नका. पाऊण तास लागला तर लागू द्या. रोज एकच पान वाचा. वाचलेलं आधी मराठीत, स्वतःच्या बोलीत, रूममेटला सांगा. मग तेच चार वाक्यांत इंग्रजीत लिहा. मराठी विश्वकोशातल्या विज्ञानाच्या नोंदी आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. अडलं की तिथं जा, संकल्पना आपल्या भाषेत पक्की करा आणि पुन्हा इंग्रजी पुस्तकाकडे वळा. दिवाळीपर्यंत पाऊण तासाची वीस मिनिटं होतात.

मराठीमुळे विज्ञानात मागे पडू, ही भीती तर मनातून काढाच. रंगनाथ पठारे याच जिल्ह्यातले. संगमनेर कॉलेजात ते फिजिक्स शिकवत होते आणि त्याच काळात मराठीत कादंबऱ्या लिहीत होते. ‘ताम्रपट’ला १९९९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. डॉ. रघुनाथ माशेलकर वडिलांचं छत्र लहानपणीच हरपल्यावर आईच्या कष्टांवर शिकले. १९६० साली मराठी माध्यमाच्या शाळेतून मॅट्रिक झाले आणि मुंबईच्या जय हिंद कॉलेजात गेले. दरमहा ६० रुपयांच्या टाटा ट्रस्टच्या शिष्यवृत्तीनं त्यांचं शिक्षण चालू राहिलं. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि १९९५ साली सीएसआयआरचे महासंचालक. आपल्याकडच्या एफवायच्या वर्गात अशाच परिस्थितीतून आलेली मुलं बसलेली असतात. त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं.

पहिल्या सत्राचा निकाल लागला की घरोघरी वादळ उठतं. बारावीला ऐंशी टक्के असलेल्या मुलाला एखाद्या विषयात एटीकेटी लागते. असं पुष्कळांचं होतं. प्रश्न आता लिहून सोडवायचे असतात, कारणं द्यायची असतात, जर्नल वेळेत सर्टिफाय करून घ्यायचं असतं, आणि कपडे, मेस, रूमचं भाडं हे सगळं पहिल्यांदाच अंगावर पडलेलं असतं. दुसऱ्या सत्रात गाडी बहुधा रुळावर येते. अशा वेळी “तुझ्यासाठी एवढा खर्च करतोय” हे वाक्य फोनवर बोलू नका. मूल आठ-आठ दिवस कॉलेजला जात नसेल, जेवण टाकत असेल, घरचा फोन उचलत नसेल, तर मात्र वाट न बघता गाडी पकडा आणि त्याच्या रूमवर जाऊन भेटा. वर्गशिक्षकांनाही भेटा. शिक्षकांना भेटायला येणारे पालक फार थोडे असतात आणि त्यांच्या येण्यानं शिक्षकांना मनापासून बरं वाटतं.

बीएस्सीला प्रवेश घेऊन त्याच वर्षी नीटची तयारी करणारी मुलं दर वर्गात असतात. माझं मत स्पष्ट आहे. पुन्हा परीक्षा द्यायची तर मनापासून द्या, पण निर्णय दिवाळीच्या सुट्टीत घ्या आणि घरच्यांसमोर बसून घ्या. नीट उन्हाळ्यात होते आणि दुसऱ्या सत्राची परीक्षाही त्याच सुमाराला येते. मार्चमध्ये दोन्हीकडे धावणारं मूल मी दोन्हीकडे धापा टाकताना पाहिलं आहे. ज्याला डॉक्टरच व्हायचं आहे आणि मागचे गुण जवळ पोचलेले आहेत, त्यानं जरूर प्रयत्न करावा. जो फक्त वडिलांच्या शब्दाखातर तिसऱ्यांदा फॉर्म भरतो आहे, त्याला घरच्यांनी मोकळं करावं.

नव्या शैक्षणिक धोरणानं चार वर्षांची पदवी आणली. आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. मुख्य विषय, इतर शाखेतला खुला विषय, कौशल्याचे विषय, क्रेडिट असं सगळं पहिल्या महिन्यात गोंधळात टाकणारं वाटतं. कॉलेजच्या माहितीपत्रकासोबत शिक्षकांकडे अर्धा तास बसा, उलगडतं. मुख्य विषय ठरवताना मित्र कुठला घेतो हे बघू नका. एका गोष्टीवर मात्र बोट ठेवतो. एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय या रचनेत आहे. ती अडलेल्यासाठी आहे. तिचा अर्थ “पोरीचं एक वर्ष झालं, प्रमाणपत्र मिळालं, आता स्थळं बघू” असा कुणी काढू नये. माझ्या हुशार विद्यार्थिनींपैकी काहींचं शिक्षण अशाच विचारानं थांबलं, आणि त्याचं दुःख मला आजही आहे.

पैशांचंही बघून ठेवा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला जुलै-ऑगस्टमध्येच बसा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार जोडलेलं मुलाच्या नावाचं बँक खातं, हे आधीच तयार हवं. शेवटच्या आठवड्यात तहसीलला रांगा लागतात आणि दरवर्षी पात्र मुलं वगळली जातात. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान शिकत असाल, तर केंद्राच्या ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीची चौकशी करा. ती वर्षाला ८० हजारांची आहे.

आणि मुलांनो, वर्गाबाहेर पडा. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात विज्ञान प्रदर्शन भरतं. संगमनेर-पारनेरकरांना आळेफाट्यावरून ते हाकेच्या अंतरावर. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत तिथं, आणि प्रश्नांची उत्तरं द्यायला खुद्द शास्त्रज्ञ उभे असतात. बॉटनीच्या मुलांनी कोंभाळण्याला जाऊन राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक पाहावी. पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात हे हिवरे बाजारात कळतं. गणिताची आवड असेल तर माधव गणित स्पर्धा द्या. फिजिक्स-केमिस्ट्रीत खरोखर रमत असाल तर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या निअस उपक्रमाची माहिती पहिल्याच वर्षी काढा. पुढे आयआयटीतून एमएस्सी करायचं मनात असेल तर जॅम परीक्षेचा पाया एफवायच्या पुस्तकांतच आहे.

अकोल्याच्या त्या मुलीनं पुढं केमिस्ट्रीत एमएस्सी केलं. आज ती एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये रीडिंग तपासून सही करते. तिचे वडील ती शिकत असताना एकदाच कॉलेजात आले होते. लॅबच्या दारात चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, पोरगी काय करते ते जरा बघू द्या. तिनं त्यांच्यासमोर एक टायट्रेशन करून दाखवलं. गुलाबी रंग येताच ते म्हणाले, “दुधाच्या सेंटरवर पण असंच काहीतरी करत्यात.”

पालकहो, येत्या शनिवारी मूल घरी आलं की पहिल्या दिवशी टक्के विचारू नका. जेवण झाल्यावर त्याचं जर्नल मागा. त्यातला कुठलाही एक प्रयोग उघडा आणि तो कसा केला, हे त्याला तुमच्या भाषेत सांगायला लावा. मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐका.