वाचकांचे प्रश्न : बँकेने कापलेले पैसे परत मागता येतात का?

प्रश्न : क्रेडिट कार्डाच्या व्याजाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात बँकांच्या बाजूने लागला. त्यानंतर बँकेच्या जादा आकारणीविरुद्ध ग्राहकाला दाद मागता येते का?

उत्तर : येते, मात्र मागण्याची रीत बदलली आहे. वादाची सुरुवात ‘आवाज’ या संस्थेच्या तक्रारीतून झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 7 जुलै 2008 रोजी त्या तक्रारीवर निर्णय दिला. क्रेडिट कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण न भरणाऱ्याकडून वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे त्यात ठरले. त्या काळी हा दर 36 ते 49 टक्क्यांपर्यंत जात होता. बँका अपिलात गेल्या, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे सोळा वर्षांहून अधिक काळ 30 टक्क्यांची मर्यादा बहुतांशी कागदावरच राहिली.

व्याजाचा दर किती असावा हे ठरवणे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतले काम आहे, ग्राहक आयोगाचे नाही, असे न्यायालयाने म्हटले. बँकिंग विनियमन कायद्याच्या कलम 21-अ नुसार, व्याज जबर आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला बँक आणि कर्जदार यांच्यातील व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. शिवाय कार्ड घेताना दर कळवला होता व ग्राहकाने तो मान्य केला होता, यालाही न्यायालयाने महत्त्व दिले. एकतर्फी, अन्याय्य करार रद्द करण्याचा आयोगाचा अधिकार मात्र न्यायालयाने नाकारला नाही.

त्यामुळे ‘दर फार आहे’ ही तक्रार आता चालणार नाही. ‘आकारणी नियमाला किंवा करारातल्या अटीला सोडून आहे’ ही तक्रार आजही चालते, आणि प्रत्यक्षात जिंकण्याजोग्या तक्रारी याच असतात. व्याजाचा भार मात्र ग्राहकाने आधीच जोखावा, कारण निकालानंतर तो त्याच्याच माथी आहे. महिना साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटते. वर्षाचे ते 42 टक्के होतात. 40,000 रुपयांच्या बिलापैकी किमान रक्कम म्हणून 2,000 भरले, तर उरलेल्या 38,000 वर महिन्याचे व्याज 1,330 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी सुमारे 239 रुपये. भरलेल्या दोन हजारांतले जेमतेम 430 रुपये मुद्दलाकडे गेले.

प्रश्न : मग नियमबाह्य आकारणी ओळखायची कशी?

उत्तर : सर्वाधिक तक्रारीला जागा आहे ती किमान शिल्लकेच्या दंडात. किमान शिल्लक किती ठेवायची हे बँक ठरवते. ऑगस्ट 2025 मध्ये एका मोठ्या खासगी बँकेने महानगरांतील नव्या बचत खात्यांसाठी ही रक्कम 50,000 केली आणि ओरड झाल्यावर 15,000 वर आणली. तेव्हाही हा बँकांचा निर्णय आहे, असेच रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी सांगितले. पण दंड कसा लावायचा याला 1 एप्रिल 2015 पासून नियम आहेत. शिल्लक कमी पडल्याचे ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवावे लागते आणि ती भरून काढायला निदान एक महिन्याची मुदत द्यावी लागते. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. दहा हजारांच्या अटीत सरासरी आठ हजार राहिले असतील, तर हिशेब दोन हजारांच्या तुटीवर होतो. निव्वळ दंड कापल्यामुळे बचत खाते उणे शिलकीत जाता कामा नये, हेही त्याच नियमांत आहे. विसरलेल्या खात्यावर उणे सातशे-आठशे दाखवून आधी ते भरा म्हणणाऱ्या शाखेपुढे हा नियम लेखी ठेवावा. निष्क्रिय झालेल्या खात्याला किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायला पैसेही घेता येत नाहीत. मूलभूत बचत ठेव खात्याला तर किमान शिल्लकेची अटच नसते.

कर्जाचा हप्ता चुकल्यावरच्या दंडाचे स्वरूप 2024 पासून बदलले आहे. पूर्वी बँका व्याजदरावर दोन-तीन टक्के चढवून दंडव्याज घेत. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने ते थांबवले. आता दंड स्वतंत्र शुल्क म्हणून, वाजवी प्रमाणात आणि आधी कळवूनच घ्यायचा; तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायचे नाही. कर्जाच्या उताऱ्यात दंडाची रक्कम थकबाकीत मिळवून व्याज लावलेले दिसले, तर तक्रारीला तेवढे पुरे.

व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी बदलत्या व्याजदराने घेतलेले कर्ज मुदतीआधी फेडले, तर त्यावर शुल्क नाही. गृहकर्जांना ही सवलत 2012 पासूनच आहे. स्थिर दराच्या कर्जाला ती आपोआप लागू होत नाही; तिथे मंजुरीपत्र वाचावे लागते. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत द्यावी लागतात. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते, आणि ही रक्कम अनेकांना ठाऊकच नसते.

क्रेडिट कार्डाचे बिल तीन दिवसांहून अधिक थकल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही. ते मूळ बिलावर नव्हे, शिल्लक राहिलेल्या रकमेवर लागते. न मागता माथी मारलेल्या कार्डाचे शुल्क रद्द तर होतेच, वर त्याच्या दुप्पट रक्कम बँकेला ग्राहकाला द्यावी लागते. एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई.

प्रश्न : तक्रार कुठे आणि कशी करावी?

उत्तर : आधी बँकेकडे, आणि लेखी. शाखाधिकाऱ्याने तोंडी दिलेल्या आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही. अर्जात ‘अवाजवी शुल्क’ अशी मोघम भाषा नको. कोणत्या तारखेला किती रक्कम वजा झाली, उताऱ्यात तिचे नाव काय आहे आणि कोणत्या नियमाला ती सोडून आहे, एवढे लिहावे. पोच घ्यावी किंवा तक्रार क्रमांक जपावा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, आणि वकिलामार्फत तक्रार दाखलच होत नाही. ग्राहकाने स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीमार्फत ती करायची असते. बँकेचे उत्तर आल्यावर ठरलेल्या मुदतीत लोकपालाकडे पोहोचावे लागते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

बँकेने व्यापारी निर्णय म्हणून ठरवलेल्या दराबद्दलची तक्रार लोकपाल घेत नाही. करारातील अटच अन्याय्य असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आधार घ्यावा. करार मोडल्याबद्दल प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने फारच मोठा दंड लावणारी अट या कायद्याने अन्याय्य कराराच्या व्याख्येत घातली आहे. अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावी लागते. अनेकांचा अर्ज इथेच फसतो. सेवेतील त्रुटीची साधी तक्रार मात्र जिल्हा आयोगापुढे चालते. दोन्हींना कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

प्रश्न : नागरी सहकारी बँक व पतसंस्थेलाही हेच लागू आहे का?

उत्तर : 50 कोटी किंवा अधिक ठेवींच्या नागरी सहकारी बँका लोकपाल योजनेत येतात. त्याहून लहान बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जाते. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार सहकार खात्याच्या निबंधकाचे नियंत्रण असते. तिच्याविरुद्धची तक्रार लोकपालाकडे नेल्यास ती परत येते आणि मुदतीतले महिने मात्र वाया जातात.