शिमीचे दगड आणि माझं उत्तर

आजचे वाचन : २ शमुवेल १६:५-१४



मागच्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतले एक वडीलधारे काका सगळ्यांसमोर मला म्हणाले, "काहून रे बाबू, तू देवासाठी गातं का लोकायसाठी?"

घरी आल्या आल्या मी व्हॉट्सॲपवर लांबलचक उत्तर टाइप केलं. ऑफिसात कुणी माझ्या कोडमध्ये चूक दाखवली, तर मी आधी कोड उघडून बघतो. इथे मात्र न तपासताच उत्तर तयार होतं.

पाठवण्याआधी हा अध्याय वाचला. अबशालोमापासून पळणाऱ्या दाविदावर शिमी दगड मारतो, शौलाच्या घराण्याचं रक्त सांडल्याचा आरोप करतो. अबीशय त्याचं डोकं उडवायला निघतो, पण दावीद त्याला थांबवतो. खरं तर आरोप चुकीचा होता. शौल दोनदा हाती सापडूनही दाविदाने त्याला सोडलं होतं. पण उरीयाचं रक्त? शिमीने त्याचं नावही काढलं नाही. दाविदाला मात्र ते ठाऊक होतं.

मग टीका झाली की नेहमी गप्पच बसायचं का? पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. त्या मुलींना ख्रिस्ती करतात अशी टीका १८९३ मध्ये पेटली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. बाईंनी काही लपवलं नाही. मी प्रार्थना करते, दार उघडं असतं, मुली आपल्या इच्छेने येतात, हीच त्यांची भूमिका राहिली. काम थांबलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून निराधार मुलींना आसरा द्यायला नेलं. आपला वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता.

टीकेत जे खरं असेल ते कबूल करावं, जे खोटं असेल त्याबद्दल शांतपणे वस्तुस्थिती सांगावी, आणि देवाने दिलेलं काम सोडू नये.

मी मेसेज डिलीट केला आणि फोन लावला. "काका, तुमचं खरं आहे. शेवटच्या गाण्यात माझं लक्ष मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे होतं."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ये मंग रविवारी लवकर. दोघं मिळून प्रार्थना करू."

प्रार्थना : हे प्रभू, कुणी मला बोललं की माझ्या तोंडाआधी माझं अंतःकरण उघड. येशूच्या नावाने मागतो, आमेन.