माहूरगडचा सहकुटुंब प्रवास : भूगोल व गणित यांचा संयुक्त पाठ

भोकरहून हिमायतनगर, किनवटमार्गे माहूरला जाणारा रस्ता शिक्षकांनी मुलांकडून नकाशावर रेखून घ्यावा. नंतर विचारावे : सपाटीवर ताशी ४० किलोमीटर जाणारी मोटार डोंगरात ताशी २० नेच गेली, तर ४० किलोमीटरांच्या वाटेस किती वेळ अधिक लागेल? उत्तर, एक तास. हा तास हिशेबात न धरणाऱ्या कुटुंबास डोंगरातच रात्र गाठते, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. यास्तव पहाटे निघावे. विसावा वृद्धांच्या व बालकांच्या सोयीने घ्यावा. अरुंद घाटात चढ चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो. शेवटी प्रत्येक मुलाने घरच्या मंडळींकरिता प्रवासाचे वेळापत्रक लिहावे.